वास येतो का, हे विचारून कळत नाही

घ्राणप्रशिक्षणावर या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं, ते आता पुढच्या वेळी. मागच्या लेखांकावर आलेल्या एका पत्रातला प्रश्न आधी घ्यायला हवा, कारण प्रशिक्षणाचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा आहे. पत्रलेखिका विचारतात की, विषाणूच्या तापानंतर कापूर नाकाशी धरून पाहिला, अमृतांजन हुंगून पाहिलं, दोन्ही कळलं. म्हणजे नाक शाबूत आहे ना? तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. कापूर, मेंथॉल, अमोनिया ही द्रव्यं घ्राणचेतेबरोबरच ट्रायजेमिनल नावाच्या दुसऱ्या एका चेतेलाही चाळवतात. डोळ्यांत, नाकात, तोंडात झोंबणं, थंडावा, चरचर या संवेदना मेंदूकडे नेणारी ही चेता. घ्राणशक्ती पूर्ण गेलेला माणूसही अमोनियाची बाटली नाकाशी आणली की मान मागे घेतो. डॉक्टर याचा उलटाही उपयोग करतात. अमोनियासुद्धा अजिबात कळला नाही असं कुणी ठासून सांगितलं, तर त्या सांगण्याबद्दल शंका घ्यायला जागा असते. म्हणून घ्राणाची परीक्षा घ्यायची तर झोंबत नाही असं काहीतरी हवं: कॉफी, व्हॅनिला, किंवा गुलाबाच्या वासाचं फेनिलएथिल अल्कोहोल.

पण माझा मुद्दा कापरापुरता नाही. श्वसनमार्गाच्या विषाणुसंसर्गात रुग्णाला ‘वास येतो का?’ एवढंच विचारून थांबणं हीच मुळात अपुरी तपासणी आहे, असं मला ठामपणे वाटतं. 2020 मध्ये तेहरानच्या मसीह दानेश्वरी रुग्णालयात कोविडच्या 60 रुग्णांची घ्राणशक्ती प्रमाणित चाचणीने मोजली गेली. त्यांपैकी 59 जणांत काही ना काही घट सापडली. चाचणीआधी त्याची जाणीव किती जणांना होती? जेमतेम 35 टक्क्यांना. इस्पितळात दाखल झालेले रुग्ण, तेही मोजकेच, म्हणून या एका अभ्यासावर भिस्त ठेवू नये, हे मान्य. मात्र त्याच वर्षी अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही तफावत तशीच राहिली: मोजून पाहिलं तर सुमारे 77 टक्के रुग्णांत घट, विचारून पाहिलं तर सुमारे 44 टक्क्यांत. पुण्यात आयसर आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी ठरावीक तीव्रतेचे वास सोडणारं यंत्र बनवून लक्षणं नसलेल्या बाधितांना तपासलं, तेव्हा आपल्याला काहीही झालेलं नाही असं समजणाऱ्या बहुतेकांच्या घ्राणात घट निघाली. यात विषाणूचं खास काही आहे असंही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम या गावी 53 ते 97 वयाच्या जवळजवळ अडीच हजार लोकांची पाहणी झाली होती. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत 24.5 टक्क्यांची घ्राणशक्ती मंदावलेली होती आणि तक्रार होती फक्त 9.5 टक्क्यांची. आपलं नाक मंदावलंय हे माणसाला सहजासहजी उमगत नाही. अर्धवट गेलेला वास तर हमखास निसटतो.

चष्म्याच्या दुकानात कुणी ‘बरं दिसतं का?’ एवढं विचारून नंबर काढत नाही, समोरचा तक्ता वाचायला लावतात. नाकासाठीही असे तक्ते आहेत, आणि त्यांतली एक युक्ती मला फार आवडते. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड डॉटी यांनी 1984 मध्ये पुढे आणलेल्या चाचणीत चार छोट्या पुस्तिका असतात. प्रत्येकीत दहा पट्ट्या, पट्टी पेन्सिलीने खरवडली की वास सुटतो, आणि खाली दिलेल्या चार पर्यायांपैकी एक निवडायचाच. काहीच कळलं नाही तरी निवडायचा. ही सक्ती रुग्णाला जाचक वाटते, पण चाचणीचं सगळं बळ तिच्यातच आहे. ज्याला काहीच वास येत नाही, तो निव्वळ अंदाजाने 40 पैकी दहाच्या आसपास गुण मिळवतो. म्हणून 6 ते 18 गुण म्हणजे घ्राणशक्ती गेलेली, आणि 5 किंवा त्याहून कमी गुण म्हणजे संशयाला जागा. डोळे मिटून उत्तरं ठोकणाऱ्याला शून्य मिळण्याची शक्यता लाखात एक. शून्य मिळवायचं तर बरोबर उत्तर ओळखून ते टाळावं लागतं. नुकसानभरपाईच्या दाव्यात नाक गेल्याचं सोंग करणारा नेमका इथे सापडतो. ‘येतो’ किंवा ‘येत नाही’ या उत्तरांतून इतकं कधीच निघालं नसतं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: सर्दीत नाक चोंदलेलं असतं, मग वास येणार कसा? साध्या सर्दीत हे बरंचसं खरं आहे. सूज आली की वासाचे रेणू नाकाच्या छतापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे चाचणी घ्राणापेक्षा वाटच जास्त मोजते. म्हणूनच चाचणीआधी दुर्बिणीने नाक तपासणं आवश्यक. पण कोविडमध्ये अनेकांचं नाक मोकळं असतानाच वास गेला. संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या हार्वर्डमधल्या गटाने 2020 मध्ये त्याचं कारण सुचवलं: विषाणूला आत शिरायला लागणारा एसीई-2 हा ग्राही रेणू गंध टिपणाऱ्या चेतापेशींवर आढळत नाही, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आढळतो. आधार कोलमडला की चेतापेशींचंही काम थांबतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रश्नच नीट विचारला तर? 0 ते 100 अशा मापावर ‘आजारापूर्वी किती, आता किती’ असं विचारलेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, श्वसनाची लक्षणं असलेल्यांपैकी कोविड कुणाला आहे याचा सर्वांत चांगला अंदाज वास घटण्यावरूनच आला. तेव्हा मोजपट्टीवर विचारणं हे हो-नाहीपेक्षा खूपच चांगलं, आणि हाताशी काही नसेल तिथे तेच करावं. मात्र त्यात माणसाला मोठा फरक जाणवलेला असावा लागतो. वृद्ध, सौम्य घट झालेले आणि लक्षणंच नसलेले त्यातून सुटतात, आणि चाचणीची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा आहे. डॉटींच्या पुस्तिकांत रूट बिअर, डिल पिकल, जिंजरब्रेड असे वास आहेत. सोलापुरातल्या आजीबाईंचे त्यात गुण गेले तर त्याचा दोष नाकाला द्यायचा का? मुळीच नाही. ओळखण्याच्या चाचणीत स्मरण आणि सवय मिसळलेली असते. भारतीयांच्या परिचयाचे वास घेऊन स्वतंत्र चाचण्या रचल्या गेल्या आहेत त्या यासाठीच. शिवाय उंबरठा मोजणारी चाचणी नावं विचारतच नाही. जर्मनीत 1997 च्या सुमारास तयार झालेल्या वासाच्या पेनांच्या संचात डोळ्यांवर पट्टी बांधून तीन पेनं हुंगायला देतात. वास कोणत्या एकाला आहे एवढंच सांगायचं. ब्यूटानॉलची तीव्रता 16 पायऱ्यांत कमीजास्त करत माणसाची हद्द शोधली जाते. माझा कल याच पद्धतीकडे आहे, जरी तिला वेळ जास्त लागतो.

राहता राहिला उपयोगाचा प्रश्न. दारात उभं राहून बाधित ओळखण्यासाठी ही चाचणी वापरावी, असं मी म्हणणार नाही. ओमायक्रॉनमध्ये वास जाण्याचं प्रमाण बरंच घटलं, आणि कमी गुण वय, जुना सायनस किंवा पार्किन्सन यांमुळेही पडतात. एकाच मोजणीवरून विषाणूवर बोट ठेवता येत नाही. तिची खरी किंमत दुसऱ्या मोजणीत आहे. तेहरानच्या त्याच संशोधकांनी लक्षणं सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रुग्णांना पुन्हा तपासलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांचे गुण सामान्य पातळीवर आले होते, पण मोठा गट मागे राहिला होता. पहिला आकडाच नोंदलेला नसेल, तर मागे राहिलेला कोण आणि आधीपासूनच मंद असलेला कोण, हे वेगळं काढता येत नाही. तेव्हा पत्रलेखिकेला माझं सांगणं: कापूर बाजूला ठेवा आणि कान-नाक-घसातज्ज्ञाकडे जाऊन आताचे गुण कागदावर घ्या. रोज दोनदा चार वास हुंगण्याचं प्रशिक्षण सुरू करायचं तर बारा आठवड्यांनी तुलना करायला तेच लागतील.