काव्यखेळ घडवताना (लेखांक ४) : झाकलेल्या शब्दाचं वजन

मागच्या लेखांकात खेळाचा सांगाडा ठरला. पडद्यावर कवितेची ओळ येईल, तिच्यातला एक शब्द झाकलेला असेल, तो खेळणाऱ्यानं ओळखायचा. आपला कस लागतो तो त्यानंतर. ओळखलेला शब्द कवीचा नसेल, तर खेळानं काय बोलायचं?

जॉश वॉर्डल यांच्या ‘वर्डल’नं २०२१ साली याचं एक सुटसुटीत उत्तर जगभर पोहोचवलं. पाच अक्षरांचा शब्द, सहा संधी, आणि प्रत्येक संधीनंतर हिरवा, पिवळा, करडा रंग. अक्षर जागेवर आहे, दुसरीकडे आहे की मुळीच नाही, हे रंगावरून कळतं. पण तिथला शब्द एकटा उभा असतो. कवितेतला शब्द ओळीत बसलेला असतो, आणि तो तिथेच का बसला याचं निम्मं उत्तर वृत्तात मिळतं. म्हणून माझा आग्रह असा, की आपल्या खेळानं आधी शब्दाचं वजन सांगावं, अक्षरं नंतर.

उदाहरणासाठी एक साधी ओळ इथेच रचून घेऊ : ‘सकाळी नदीच्या तटाशी बसावे’. वृत्त भुजंगप्रयात. य गण चार वेळा, म्हणजे लघु-गुरू-गुरू असा क्रम चारदा, एकूण १२ अक्षरं. समर्थ रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, त्यामुळे ही चाल मराठी कानाला शिकवावी लागत नाही. आता पहिला शब्द झाकू. कुणी ‘रात्री’ लिहिलं, तर अर्थ लागतो, पण हाती दोन गुरूच येतात आणि ओळ लंगडते. ‘संध्याकाळी’ची चारही अक्षरं गुरू, तो मावतच नाही. पण ‘पहाटे’ किंवा ‘दुपारी’ लिहिणाऱ्याला नुसतं ‘चूक’ म्हणणं अन्यायाचं आहे. त्याच्या कानानं वृत्त पकडलं आहे. त्याला खेळानं म्हणावं, ‘शब्द वृत्तात चपखल बसला, कवीचा शब्द मात्र वेगळा आहे.’ हे एक वाक्य नसेल, तर आपला खेळ पाठांतराची परीक्षा होऊन बसेल.

हे वाक्य बोलण्यासाठी संगणकाला अक्षरं मोजता यायला हवीत, आणि अडचण इथूनच सुरू होते. ‘नदीच्या’ आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. युनिकोडच्या हिशेबात तो सात चिन्हांचा आहे : न, द, दीर्घ वेलांटी, च, हलन्ताचं चिन्ह, य, काना. शब्दाची लांबी विचारली की ७ असं उत्तर येतं. चिन्हांचे गट पाडून देणारी तयार सोय वापरली, तर जुन्या नियमांप्रमाणे चार तुकडे पडतात : न, दी, च्, या. देवनागरी जोडाक्षर मधे तोडू नये हा नियम २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये आला. पण खेळणाऱ्याच्या जुन्या फोनमध्ये तो असेलच, असं धरून चालता येत नाही. त्यापेक्षा कापणी स्वतः लिहावी. एक व्यंजन, त्यापुढे हलन्त आणि व्यंजन अशा जोड्या असतील तितक्या, मग काना-मात्रा-वेलांटी, शेवटी अनुस्वार किंवा विसर्ग. एवढं मिळून एक अक्षर. सुटे स्वर वेगळे हाताळायचे.

आणखी एक काळजी घ्यायची ती ‘दऱ्या’सारख्या शब्दांत. यातला ऱ एकाच चिन्हानं साठवता येतो, किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. काही कळफलक तिथे अदृश्य जोडचिन्हही घालतात. पडद्यावर सगळं सारखंच दिसतं, स्मृतीत मात्र वेगळं असतं. तुलनेआधी दोन्ही शब्द एकाच रूपात आणले नाहीत, तर बरोबर उत्तर चूक ठरेल, आणि असा अनुभव आलेला माणूस खेळाकडे पुन्हा फिरकणार नाही.

अक्षरं हाती आली की लघु-गुरू. ऱ्हस्व ते लघु. दीर्घ स्वर, ए, ऐ, ओ, औ, अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं ते गुरू. पुढे जोडाक्षर आलं तर आधीचं ऱ्हस्वही गुरू. हा शेवटचा नियम संस्कृतात निर्वेध चालतो, मराठीत चालत नाही. वरच्या ओळीत ‘नदीच्या’ऐवजी कुणी ‘तळ्याच्या’ लिहिलं, तर नियमाप्रमाणे त गुरू होऊन शब्द बाद ठरेल. म्हणून पाहा : ‘सकाळी तळ्याच्या तटाशी बसावे’. कुठेही अडखळत नाही, कारण त वर आघातच येत नाही. ‘तुझ्या’, ‘तुम्ही’, ‘उन्हात’ यांतही तसंच. त्यातून ‘पुण्याला’ हा शब्द तर शहराबद्दल असेल तर पु लघु, आणि पाप-पुण्यातल्या पुण्याबद्दल असेल तर गुरू. नुसतं लेखन पाहून यंत्रानं हे ठरवायचं कसं? माझ्या मते ठरवूच नये. जोडाक्षराच्या शेवटी य किंवा ह असेल, तिथे आधीचं ऱ्हस्व दोन्ही प्रकारे चालवून पाहावं, आणि एका प्रकारे जरी ओळ जमली तरी शब्द मान्य करावा. संशयाचा फायदा खेळणाऱ्याला.

सगळ्या कवितांना हा तराजू लागत नाही. मोठ्या अभंगात चरणांची अक्षरं ६-६-६-४, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. तिथे लघु-गुरू बाजूला ठेवून अक्षरसंख्या आणि यमक एवढंच सुचवायचं. मात्रावृत्तात लघूची एक, गुरूच्या दोन अशा मात्रा मोजायच्या. ओवी अक्षरांच्या बाबतीत बरीच सैल, म्हणून तिथे यमकावरच भिस्त. माधव जूलियन यांची ‘छंदोरचना’ हाताशी असली, तर हे वर्गीकरण नव्यानं मांडावं लागत नाही. मुक्तछंद पहिल्या आवृत्तीत नको.

कविता निवडताना कायदाही पाहायचा. भारतात कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज (१९१९) केव्हाच मोकळे झाले. मरणोत्तर छापलेल्या कवितांची मुदत मात्र प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि गाणी १९५२ मध्ये छापली गेली, म्हणून ती २०१३ पासून खुली. कुसुमाग्रजांसाठी २०५९ संपेपर्यंत परवानगी लागेल.

राहिला प्रश्न कोणता शब्द झाकायचा याचा. ‘बसावे’ झाकला तर ‘फिरावे’, ‘हसावे’, ‘निजावे’, ‘रडावे’ सगळेच बसतात, आणि ओळखणं लॉटरीसारखं होतं. ‘नदीच्या’ झाकला तर पुढचा ‘तटाशी’ पाण्याकडे बोट दाखवतो, वृत्त ‘ओढ्याच्या’ला अडवतं, ‘तळ्याच्या’ला येऊ देतं. खेळणाऱ्यापुढे दोन-तीनच खरे पर्याय उरतात. प्रत्येक ओळीत असा शब्द सापडेपर्यंत ती खेळात घेऊ नये. पुढच्या आठवड्यात कळफलक आणि टंक.