दोन खांबांची शाळा

तेरमध्ये मुलांना स्केटबोर्ड शिकवायचा कुणी घाट घातला, तर पहिला प्रश्न जमिनीचा येईल. तेरणाकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. गावालगत पांढरीची टेकाडं, पलीकडे शिवाराची काळी माती. टेकाडाला हात लावला की पुरातत्त्व खातं जाब विचारणार, आणि काळ्या मातीवर चाकं फिरणार नाहीत. सिमेंटचे उतार बांधावेच लागतील.

मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्यात जनवार या खेड्यात ते २०१५ मध्ये बांधले गेले. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंचा हा उद्योग. नियम दोनच: मुलींचा नंबर आधी, आणि शाळा बुडवली तर स्केटबोर्ड नाही. आदिवासी आणि यादव वस्तीतली पोरं एकाच उतारावर आपटू लागली. त्यांतली आशा गोंड २०१८ मध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. त्याआधी काबूलमध्ये ऑलिव्हर पर्कोविच या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘स्केटिस्तान’ने एक पळवाट शोधली होती. मुलींनी सायकल चालवणं तिथे चालत नसे, पण स्केटबोर्ड कुणी पाहिलेलाच नसल्याने त्याला मनाई करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेर ज्यात येतं त्या धाराशिव जिल्ह्यात मुलींना मैदानात आणण्याचं हेच काम खो-खोने केलं आहे, आणि त्याला सिमेंटचं एक पोतंही लागलं नाही. सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद सपाट जागा, दोन टोकांना दोन खांब, फक्कीच्या रेघा. आठ जणी मधल्या रेषेवर आलटून-पालटून विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही. पळणारी मात्र हवी तशी हुलकावणी देते. म्हणून पाठलाग करणारीला एकटीच्या पायांवर भागत नाही. योग्य क्षणी दुसरीला उठवावं लागतं. बसलेलीच्या पाठीला हात लागला पाहिजे आणि ‘खो’ हा शब्दही ऐकू गेला पाहिजे. एक चुकलं तरी पंचांची शिट्टी वाजते. कुणी कुणाला शिवायचं हा हिशेब आपल्या गावांतून अजून पुरता पुसलेला नाही. या खेळात शिवल्यावाचून डाव पुढे सरकतच नाही. स्केटबोर्डवर पोरगी आपला तोल आपण सावरते; खो-खोत तिला दुसरीवर विसंबावं लागतं. दोन्ही शिक्षणं मोलाची, पण मला दुसरं अधिक अवघड वाटतं.

या जिल्ह्यातलं सर्वांत ठळक नाव सारिका काळे. वडिलांना शारीरिक अडचणींमुळे काम करता येत नव्हतं, आई शिवणकाम करायची, घर आजी-आजोबांच्या आधाराने चालायचं. जवळपास दहा वर्षं आपण एकवेळच्या जेवणावर काढली, असं तिनेच पुढे सांगितलं. २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्ण जिंकलं. आणि त्याच वर्षी, घरच्या ओढाताणीने खचून, तिने खेळ सोडायचं ठरवलं होतं. खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. ही खबर आजीने प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांना दिली. त्यांनी समजूत काढून तिला मैदानावर परत आणलं. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रशिक्षकाला घरची कडी वाजवता येते, आणि आजीला प्रशिक्षक आपला वाटतो, हे नातं एका मोसमात तयार होत नाही. कुठल्याही प्रकल्प-अहवालात त्याला रकाना नसतो.

पुरस्काराआधी सारिकाच्या आयुष्यात आणखी एक गोष्ट घडली होती, आणि माझ्या मते खरा बदल तिथे आहे: राज्य सरकारने तिला क्रीडा अधिकारी नेमलं. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी झाली की स्थळं बघायला लागणाऱ्या घरात ‘सक्षमीकरण’ या शब्दाला कुणी विचारत नाही; महिन्याच्या पगाराला विचारतात. पगाराच्या आशेवर लग्न दोन-चार वर्षं लांबतं, तेवढ्यात पोरगी पदवीला पोचते. हे ऐकायला फारसं उदात्त वाटत नाही, पण काम करतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताने नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती.

आता खेळ महागतोय. मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. तिथे बूट लागतात, वळताना पाय वेगळा टाकावा लागतो, आणि मातीत मारलेला सूर तसाच्या तसा चालत नाही. मॅट विकत घेणं खेड्यातल्या शाळेच्या आवाक्याबाहेरचं आहे. शिवाय पैसा जिथे आला, ती २०२२ मध्ये सुरू झालेली अल्टिमेट खो-खो लीग पुरुषांसाठीच होती. जनवारचा ‘मुलींचा नंबर आधी’ हा नियम त्या लीगच्या संघमालकांना कुणीतरी वाचून दाखवायला हवा होता.