आधी शून्य तपासा

चौकटीच्या कागदावर मधल्या एका घरावर बोट ठेवा. भोवती आठ घरं दिसतील: चार बाजूला बाजू लावून, चार नुसती कोपऱ्याला टेकलेली. शिरपूरच्या वर्गात अ‍ॅस्ट्रोसॅटचं ध्रुवणमापन मी इथूनच शिकवायला घेतो, कारण सगळी मेख या आठ घरांत आहे.

28 सप्टेंबर 2015 रोजी इस्रोनं अ‍ॅस्ट्रोसॅट सोडला. त्यावरच्या ‘सीझेडटीआय’ या क्ष-किरण उपकरणात 64 डिटेक्टर आहेत, प्रत्येकात कागदावरच्या घरांसारखे 256 पिक्सेल. एकेक पिक्सेल जेमतेम अडीच मिलिमीटरचा. मुंबईची टीआयएफआर, पुण्याची आयुका आणि अहमदाबादची पीआरएल यांचा त्यात मोठा वाटा.

तीव्र क्ष-किरणाचा फोटॉन एका पिक्सेलमधल्या इलेक्ट्रॉनवर आदळतो, थोडी ऊर्जा तिथं सोडतो आणि शेजारच्या पिक्सेलमध्ये शोषला जातो. दोन्हीकडे एकाच वेळी नोंद होते. किरण ध्रुवित असेल, म्हणजे त्याचं विद्युतक्षेत्र ठरावीक दिशेत डोलत असेल, तर फोटॉन त्या दिशेच्या काटकोनात जास्त उडतात.

पण बाजूच्या घरात शिरणं सोपं, कोपऱ्यातल्या घरात अवघड. त्यामुळे मुळीच ध्रुवित नसलेला किरणसुद्धा आठ दिशांना असमान आकडे देतो. यंत्राचा हा कल ताऱ्याच्या नावावर जमा झाला, तर निष्कर्षच खोटा!

म्हणून सिम्युलेशन हवं. ‘जिअँट-4’ ही संगणकप्रणाली एकेका फोटॉनचा प्रवास संभाव्यतेच्या नियमांनी चालवून पाहते. शास्त्रज्ञांनी तिच्यात आधी अध्रुवित किरण सोडले. त्यातून यंत्राचा कल कळला. मग पूर्ण ध्रुवित सोडले; त्यातून यंत्राचा जास्तीत जास्त प्रतिसाद कळला. उड्डाणापूर्वी प्रयोगशाळेत किरणोत्सारी स्रोत ठेवून हा हिशेब पडताळलाही. गॅमा-किरणांच्या स्फोटांचं ध्रुवणही याच उपकरणानं मोजलं; त्यांचे किरण कुठूनही येतात, उपग्रहाच्या अंगातून आरपारही. त्यांच्यासाठी तर अख्खा उपग्रहच संगणकात उभा करावा लागला.

या तयारीचं फळ 2017 मध्ये दिसलं. सेकंदाला सुमारे 30 गिरक्या घेणाऱ्या क्रॅब पल्सार या ताऱ्याच्या आणि त्याभोवतीच्या तेजोमेघाच्या किरणांचं एकत्रित ध्रुवण सुमारे 33 टक्के भरलं आणि गिरकीच्या वेगवेगळ्या टप्प्यांत ते बदलतं, असंही आढळलं. हे निष्कर्ष ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’त प्रसिद्ध झाले.

जिअँट-4 फुकट मिळतं. कॉलेजच्या साध्या संगणकावरही एका डिटेक्टरवर लाखभर फोटॉन सोडून पाहता येतात. खानदेशातल्या पोरांनी ते करावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ताऱ्याविषयी बोलण्याआधी, काहीच नसताना आपलं यंत्र काय दाखवतं हे तपासायची सवय त्यातून लागते, आणि ती कुठल्याही विज्ञानात आयुष्यभर पुरते.