गाडीची स्प्रिंग आणि आपली कंबर

शहापूर-किन्हवली-मुरबाड रस्त्यावरचे कंबरदुखीचे रुग्ण मला विचारतात, "डॉक्टर, नवी गाडी स्पोर्ट घेऊ की साधी?" बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण 4 ते 6 हादऱ्यांनी सर्वाधिक हलतो. साध्या गाडीची मऊ स्प्रिंग सेकंदाला एक-दीडदाच झुलते आणि खड्ड्याचा बराचसा मार स्वतः सोसते. स्पोर्ट गाडीची स्प्रिंग कडक, टायर बुटके. वळणावर ती कमी कलते, पण खड्डा थेट मणक्यापर्यंत पोचवते. नाशिक महामार्गावर हा फरक फारसा कळत नाही (विक्रेता नेमका तिथेच फिरवून आणतो!). गाडी किन्हवलीकडे वळवा, आजीला मागे बसवा आणि तिलाच विचारा. घरात कोणाच्या मणक्याची गादी सरकलेली असेल, तर माझे मत साध्या गाडीला. जीपमध्येही अशा माणसाला मागच्या चाकावर नव्हे, पुढे बसवावे.