फीडर सुरू, टोला बंद

हेमलकशात ऑगस्टमधल्या पावसाळी दिवशी लाइनमनची ड्यूटी कशी जाते, ते इथे मांडतो आहे. दिवस कुणा एकाचा नाही. गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात खांबावर चढणाऱ्या कुणाचाही असू शकेल.

सकाळी ६. लाइन रात्रीच गेलेली. मोबाइलला रेंज नाही, म्हणून टोल फ्री नंबरवरची तक्रार वगैरे विसरा. तक्रार सायकलवरून येते. "जोहार भाऊ. डीपीवर जाळ निघाला अन् लाइन गेली." एवढीच नोंद. राज्य वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या विनियमांत दुरुस्तीला मुदती ठरलेल्या होत्या: रोहित्र (डीपी) जळालं तर शहरात २४ तास, ग्रामीण भागात ४८. उशीर झाला तर ताशी ५० रुपये भरपाई. घड्याळ तक्रार पोचल्यापासून चालतं. नाल्याचं पाणी उतरेपर्यंत सायकल अलीकडेच थांबली असेल, तर तो वेळ कुणाच्याच हिशेबात नाही.

८.३०. पेट्रोलिंग. आलापल्लीकडून साठेक किलोमीटर जंगलातून लाइन येते. साग, ऐन, मोह, आणि सगळ्यांत त्रासदायक म्हणजे बांबू. ओला बांबू वाकून तारेला टेकला की लाइन ट्रिप होते. पाऊस थांबून वारा सुटला की तोच बांबू पुन्हा सरळ उभा, जणू काही झालंच नाही. मग फॉल्ट शोधायचा तो पानांच्या करपलेल्या टोकांवरून. मान वर करून चालायचं आणि पायाखाली सापही बघायचा.

११. साधारण याच वेळी मुंबईत, कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तेराव्या मजल्यावर आयोगाची सुनावणी चालू असते. हा आयोग मुळात का लागला? १९९३ च्या डिसेंबरात वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ कंपनीशी वीजखरेदीचा करार केला, तेव्हा त्यातला दर ग्राहकाला झेपेल का हे तपासणारं स्वतंत्र कुणीच नव्हतं. मंडळ सरकारचं आणि करारामागे उभं राहणारंही सरकारच. पुढे ओडिशाने स्वतंत्र आयोगाची वाट दाखवली, १९९८ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि ५ ऑगस्ट १९९९ रोजी महाराष्ट्राचा आयोग स्थापन झाला. मंडळाला पहिल्यांदाच आपला हिशेब लोकांपुढे मांडावा लागला. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेच्या गिरीश संत यांच्यासारख्यांनी तो ओळ न् ओळ वाचला. मीटर नसलेल्या शेतीपंपांच्या नावावर किती गळती आणि चोरी खपवली जात होती, ते तेव्हा उघडं पडलं. माझ्या मते आयोगाची खरी कमाई ही. दरवाढ काही तो थांबवू शकला नाही. सदस्य निवडणाऱ्या समितीत उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात, पण त्याच समितीत राज्याचे मुख्य सचिवही असतात. स्वातंत्र्य आहे, बेताचं.

१.३०. बांबू सापडला. इथे घाई नाही. सबस्टेशनच्या ऑपरेटरकडून परमिट घ्यायचं, लाइन खरोखर बंद आहे ना ते तपासायचं, डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंनी अर्थिंग करायचं. कुणाच्या घरचा जनरेटर उलटा करंट देत नाही ना, हेही बघायचं. मगच कोयता. जंपर बदलायला वर चढलेल्या माणसाचा पट्टा खालचा माणूस दोनदा विचारून खात्री करतो. रेंज नसल्याने परमिट परत करायला कुणीतरी मोटारसायकलने जायचं.

३.३०. डबा. बोलता बोलता बिलाचा विषय निघतो. महावितरणच्या क्षेत्रात घरगुती वापराचा दर एकच: पुण्यातल्या घराला जो, तोच इथल्या माडिया आदिवासींच्या टोल्यातल्या, म्हणजे पाड्यातल्या, घराला. इतक्या लांब, इतक्या थोड्या घरांसाठी तार ओढायचा खरा खर्च लावला, तर इथे कुणी दिवा लावणार नाही. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ मध्ये सुरू झाला, तेव्हा त्याच्या दवाखान्यात कंदिलाच्या उजेडात शस्त्रक्रिया होत. त्या मानाने हा मोठाच पल्ला. दरवाढीवर हरकत घ्यायची, तर मात्र जवळची जाहीर सुनावणी नागपूरला, तीनशेहून अधिक किलोमीटरवर.

५.४०. फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघणारी मुख्य लाइन, चार्ज. ऑपरेटर रजिस्टरमध्ये वेळ लिहितो. पुरवठा किती वेळा आणि किती वेळ खंडित झाला, याचे आयोगाकडे जाणारे निर्देशांक अशा नोंदींवरूनच निघतात, तेही फीडरवार. त्यामुळे कागदावर पुरवठा आता पूर्ववत झालेला आहे.

६.१५. सकाळचा सायकलवाला अजून थांबलेला. त्याच्या टोल्याच्या डीपीवरचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज उडालेला आहे, तो कुणी पाहिलेलाच नाही. उजेड तासाभराचा उरला आहे, वाटेत नाला आहे. लाइनमन पिशवीत फ्यूज वायर आहे का बघतो, आहे. पण पावसात अंधारात एकट्याने खांबावर चढायचं नाही, हा नियमही सुरक्षेचाच, आणि जोडीदार परमिट परत द्यायला गेलेला. तो सायकलवाल्याला म्हणतो, "भाऊ, सकाळी सहाला निघतो. नाल्यापाशी थांब."