परसांतली आगटी

मार्गशीर्ष सरत आला आणि शाळूच्या कणसांत दाणा दुधाळ होऊं लागला, कीं आमच्या मराठवाड्यांत घरोघर एकच विषय निघतो, तो हुरड्याचा. शेताच्या बांधाशेजारीं हातभर खड्डा खणावा, त्यांत गोवऱ्या रचून पेटवाव्या, जाळ ओसरून निखारा झाला कीं त्यांत कणसें खुपसावीं, आणि भोंवतीं बसलेल्या मंडळींनीं तीं कढत कढत तळहातावर चोळून दाणे तोंडांत टाकावे. सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि दही असलें म्हणजे झालें. ही आमची आगटी. तिला गवंडी लागत नाहीं कीं सिमेंट लागत नाहीं. हंगाम सरला म्हणजे तिच्यावरून नांगर फिरतो आणि ती कोठें होती हेंही पुढें कोणास सांगतां येत नाहीं.

परंतु शेत एकीकडे आणि बिऱ्हाड दुसरीकडे अशी स्थिति आतां पुष्कळ घरांची झाली आहे. अंबड तालुक्यांतील आमचें अंकुशनगर हें समर्थ सहकारी साखर कारखान्याच्या आधारानें वाढलेलें गांव. येथल्या घरांतील मुलें-सुना पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला नोकरीस, आणि सुटींत सारीं एकत्र आलीं कीं पंधरा-वीस पानें सहज होतात. त्या सर्वांना घेऊन शेतावर जाणें वृद्धांस झेपत नाहीं. म्हणून परसांतच एक कायमची पक्की आगटी बांधून घ्यावी, संध्याकाळीं शेकत बसावें, हंगामांत हुरडा भाजावा, अशी कल्पना आतां अनेकांच्या मनांत येते. कल्पना उत्तम आहे. ती अमलांत आणण्याची जी रीति रूढ होत आहे, ती मात्र धोक्याची आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीं एका परिचितांच्या परसांत एका ठेकेदारानें नुसत्या काँक्रीटची गोल आगटी बांधून दिली. दिसावयास मोठी देखणी होती. दिवाळीनंतरच्या पहिल्याच थंडींत तींत बाभळीचीं लाकडें रचून मोठा जाळ केला. अर्ध्या तासानें फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि तळव्याएवढी चिपरी उडून सहा वर्षांच्या नातवाच्या कपाळाला चाटून गेली. डोळा बोटभर अंतरानें वांचला. सर्वांनीं ठेकेदारास बोल लावला, कीं सिमेंट हलकें वापरलें. ठेकेदारानें तीच आगटी पुन्हां उत्तम सिमेंटनें गिलावा करून दिली, आणि पुढल्या वर्षीं ती पुन्हां फुटली!

दोष सिमेंटच्या प्रतीचा नव्हता. सिमेंट आणि विस्तव यांचें मुळांतच जमत नाहीं. सिमेंट घट्ट होतें तें वाळून नव्हे, तर पाणी आपल्या अंगांत बांधून घेऊन, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत नसते. शिवाय घट्ट झालेल्या काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत मोकळें पाणीही असतें. शंभर अंशांवर त्याची वाफ होते. वाफेला बाहेर पडण्यास वाट मिळाली नाहीं, तर वरचा थर उडवून ती आपली वाट करून घेते. ओलसर काँक्रीटला एकदम मोठा जाळ लागला कीं चिपऱ्या उडतात त्या यामुळें. उष्णता तीनशें अंशांच्या वर गेली म्हणजे काँक्रीटचें बळ उतरूं लागतें. पुढें चारशें ते पांचशें अंशांच्या दरम्यान त्यांतला चुन्याचा अंश धरून ठेवलेलें पाणी सोडून देतो आणि त्याचा कळीचा चुना होतो. लांकडाचा निखारा तर आठशें अंशांपर्यंत सहज जातो.

याहून कपटी प्रकार पुढेंच आहे. हिंवाळा संपतो, आगटी थंड पडते, आणि मृगाचा पाऊस येतो. विस्तवानें तयार केलेला तो कळीचा चुना पाणी पितो आणि फुगतो. चुना भिजवतांना तो कसा फुलतो व तापतो हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस अधिक सांगावयास नको. यामुळें काँक्रीटची आगटी हिंवाळ्यांत धडधाकट दिसते आणि पावसाळ्यानंतर हाताला भुगा लागतो. लोक पावसाला दोष देतात. अपराध विस्तवाचा असतो.

मग उपाय कोणता? तो आमच्या गांवांत सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे, पण कोणी पाहत नाहीं. गळीत हंगामापूर्वीं साखर कारखान्यांत बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. आपण जातों, नारळ फुटतो, हार घातले जातात, भाषणें होतात. भट्टीच्या ज्या भागांस ज्वाला लागतात, तेथें आंतून एका विशिष्ट विटेचें अस्तर असतें, इकडे मात्र कोणाची नजर जात नाहीं. गवंडी तिला फायर ब्रिक म्हणतात. अल्युमिना आणि सिलिका यांनीं युक्त अशा निवडक मातीची ती वीट बाराशें अंशांच्या वर भाजून काढलेली असते. जी वस्तु एवढ्या अग्निदिव्यांतून आधींच पार पडली आहे, तिला आपल्या गोवऱ्या-लांकडांची काय क्षिति! भारतीय मानकांत मध्यम उष्णतेच्या विटेस आय. एस. ६ व अधिक उष्णतेच्या विटेस आय. एस. ८ असे क्रमांक आहेत. परसांतल्या आगटीस पहिली पुरे. जुनी भट्टी मोडून निघालेल्या विटा स्वस्त मिळतात, पण त्यांत काय काय मुरलेलें असतें याचा भरंवसा नसतो. जेथें खाण्याचें भाजावयाचें, तेथें त्या घेऊं नयेत.

कोणी विचारील, मग काँक्रीट हवेंच कशाला? नुसत्या विटा मातींत रचल्या तर काय बिघडलें? मुरमाड जमिनींत कांहीं बिघडत नाहीं. परंतु आमच्याकडची काळी कसदार माती पावसांत फुगते आणि वैशाखांत एवढी भेगाळते कीं भेगेंत मनगटापर्यंत हात जातो. ती दरवर्षीं विटांना दाबील आणि पुन्हां सोडील. दोन-तीन वर्षांत सगळें वांकडें होईल. तेव्हां मातीचा रेटा काँक्रीटनें सोसावा, अग्नीचा ताप विटेनें सोसावा, आणि दोघांमध्यें अर्धा इंच मोकळी जागा असावी, म्हणजे तापलेली वीट वाढली तरी काँक्रीटवर रेटणार नाहीं. साऱ्या बांधकामाचें मर्म एवढेंच आहे. हें अर्धा इंच अंतर गवंड्यास पटत नाहीं. त्याला तें काम अपुरें राहिल्यासारखें वाटतें आणि पाठ वळतांच तो तेथें मसाला ठासून भरतो. यासाठीं त्या दिवशीं घरच्या कोणीतरी खुर्ची टाकून तेथें बसावें.

आकार चौकोनीच ठेवावा. गोल आगटी शोभते खरी, पण सरळ विटा वर्तुळांत मांडल्या म्हणजे त्यांचे सांधे मागच्या बाजूस फाकतात. श्रौतकर्मांत गार्हपत्य वर्तुळाकार, आहवनीय चौकोनी आणि दक्षिणाग्नि अर्धवर्तुळाकार असून तिघांचें क्षेत्रफळ मात्र समान असावें असें सांगितलें आहे, आणि या खटाटोपांतूनच आपल्याकडील भूमिति वाढली. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायनाच्या शुल्बसूत्रांत तीन आणि चार अशा बाजूंच्या आयताचा उल्लेख आहे, ज्याचा कर्ण पांच येतो. आगटीचा चौकोन आंखतांना तीच दोरी उपयोगीं पडते: एका बाजूवर तीन फूट, लगतच्या बाजूवर चार फूट मोजावे, टोकांमधील अंतर बरोबर पांच फूट आलें तर कोन काटकोन समजावा. केरळांतील पांजाळ येथें १९७५ सालीं जें अग्निचयन झालें, त्यांत पक्ष्याच्या आकाराची वेदी विटांच्या पांच थरांनीं रचली होती. आपल्याला चारच थर पुरेत, आणि पक्षीही नको.

नऊ इंच लांब, साडेचार इंच रुंद व तीन इंच जाड अशी वीट धरून हिशेब देतों. आंतील बाजू साडेएकतीस इंच ठेवावी. प्रत्येक बाजूस चार विटा लांबट लावाव्या आणि एका बाजूच्या शेवटच्या विटेचें टोक पुढच्या बाजूच्या पहिल्या विटेच्या अंगास भिडवावें, म्हणजे कोंपऱ्यांत वीट तोडावी लागत नाहीं. एका थरास सोळा, चार थरांस चौसष्ट. दुसरा थर उलट फेऱ्यानें लावावा, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाहीं. तळाला पंचवीस. एकूण एकोणनव्वद झाल्या. फूटतूट धरून पंचाण्णव आणाव्या. एक वीट सुमारें चार किलोची असते, हें वाहन ठरवितांना लक्षांत ठेवावें. खोली फुटापेक्षां अधिक नको. खोल खड्ड्यांत हवा पोंचत नाहीं आणि धूर तेवढा डोळ्यांत जातो. त्या फुटांपैकीं निम्मा भाग जमिनीच्या वर असावा. पावसाचें वाहतें पाणी त्यामुळें आंत येत नाहीं, आणि अंधारांत धांवणाऱ्या मुलाचा पाय सरळ निखाऱ्यांत पडण्याऐवजीं आधीं कांठाला लागतो.

खड्डा साडेचार फूट चौरस खणावा आणि मुरूम लागेपर्यंत खालीं जावें. मुरूम फार खोल असेल तर निदान दोन फूट काळी माती काढून बाहेरचा मुरूम भरावा, आणि पाणी मारून धुम्मसानें चांगला चोपावा. काँक्रीट एकास दोन, चार या प्रमाणाचें, काळ्या दगडाच्या खडीचें. भिंत पांच इंच जाड, तींत लोखंडी सळीचीं दोन-तीन वळीं. तळाला मात्र सबंध काँक्रीट ओतूं नये. भिंत आणि विटांचें अस्तर यांच्याखालीं फूटभर रुंदीची पट्टी ओतावी आणि मधली जागा खडीनें भरावी. त्या खडीवर कोरडी वाळू अंथरून तळच्या विटा मसाल्याशिवाय बसवाव्या, म्हणजे पाणी मुरून जातें. काळ्या मातींत पाणी लवकर मुरत नाहीं, यास्तव खडींतून उताराच्या दिशेनें एक लोखंडी नळी काढावी. ओली आगटी म्हणजे फुटणारी आगटी, हें वर आलेंच आहे.

विटांचे सांधे सिमेंटनें भरूं नयेत. कारण वर सांगितलेंच. नुसती अग्निमाती कालवून लावली, तर भट्टीसारखा ताप न मिळाल्यानें ती पक्की होत नाहीं आणि पावसांत धुऊन जाते. हवेवर घट्ट होणारा भट्टीचा मसाला मिळतो, तोच आणावा, आणि सांधा दोन-तीन मिलिमीटरांपेक्षां जाड करूं नये. कांठावरचे घडीव काळे दगड काँक्रीटवर बसवावे. ते फटीवर झांकणासारखे यावे, पण त्यांचा भार विटेवर पडूं नये. शहाबादी फरशी येथें नको; ती चुनखडीची असून थराथरांची असते. नदीकांठचे गोटे शोभेसाठीं निखाऱ्यांत ठेवण्याची फॅशन निघाली आहे, ती तर मुळींच नको. त्यांच्या पोटांत पाणी असतें आणि ते गोळ्यासारखे फुटतात.

काँक्रीट निदान दहा दिवस ओलें ठेवावें आणि पुढें महिनाभर आगटीला विस्तव दाखवूं नये. दसऱ्याच्या सुमारास काम झालें तर हुरड्यापर्यंत ती आपोआप तयार होते. पहिल्या तीन संध्याकाळीं चार-पांच गोवऱ्यांचाच मंद विस्तव करावा, म्हणजे विटांतील व सांध्यांतील ओल हळूहळू निघून जाते. घरांतील तरुण मंडळींस हा धीर नसतो. परंतु या बाबतींत आजोबांनीं मुळींच माघार घेऊं नये.

जळण कोणतें वापरावें? हुरड्याला गोवरीच, कारण तिचा विस्तव मंद आणि एकसारखा असतो व कणीस करपत नाहीं. शेकण्यासाठीं बाभूळ चांगली, तुराट्या-पऱ्हाट्या पेटवणासाठीं. उंसाचें पाचट कदापि घालूं नये. आमच्याकडे तें फुकट आणि ढिगानें मिळतें, म्हणून मोह होतो. पण तें भडकतें, त्याचीं जळतीं पातीं वाऱ्यावर उडतात, आणि शेजारीं वाळलेला ऊंस उभा असतो. रंग दिलेलें जुनें फर्निचरही जाळूं नये, त्याचा धूर विषारी असतो. उठतांना निखारे भरून शेगडी झोंपण्याच्या खोलींत नेणें ही तर प्राणावर बेतणारी संवय आहे. दारें लावलेल्या खोलींत कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु सांठतो. त्याला वास नाहीं कीं रंग नाहीं, आणि निजलेला मनुष्य जागा होत नाहीं. राखेखालीं निखारा रात्रभर जिवंत राहतो, त्यामुळें सकाळीं मुलें राखेंत हात घालीत नाहींत ना हें पाहावें. जवळ पाण्याची बादली असावी. भाजलें तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखालीं वीस मिनिटें धरावें. हळद, शाई, दांतांचें मलम यांपैकीं कांहीं लावूं नये.

याच आगटींत होमही करतां येईल काय, असें दोघां-तिघांनीं विचारलें. माझ्या मतें करूं नये. होमकुंडाचें माप, खात, मेखला हें सारें निराळें सांगितलेलें आहे, आणि जेथें काल भरताचीं वांगीं भाजलीं तेथें आज समिधा, हें मनाला रुचत नाहीं. नित्याच्या कामासाठीं घरांतलें तांब्याचें कुंड आहेच. ज्यांस वेगळें वाटत असेल त्यांच्याशीं वाद नाहीं.

होळी झाली, ऊन तापूं लागलें, म्हणजे आगटी मोकळी करावी. राख चाळून बागेंतल्या झाडांच्या आळ्यांत थोडी थोडी टाकावी. एखादी वीट हलली असेल तर तेवढीच काढून पुन्हां बसवावी. तळच्या विटा मसाल्याशिवाय आहेत, त्या हातानें निघतात. रोहिणी लागण्यापूर्वीं वर पत्र्याचें उतरतें झांकण ठेवावें, चार दगडांनीं दाबावें, आणि कडेनें बोटभर फट वाऱ्यासाठीं राखावी.