व्हिडिओ गेमची गोष्ट (भाग ७) : जुन्या पडद्याची करामत

मागच्या भागात निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा गेम कन्सोल जपानमधल्या टीव्हीसमोर येऊन बसला होता. आज टीव्ही बाजूला ठेवू. निन्टेन्डोची निम्मी कहाणी हातात मावणाऱ्या यंत्रांची आहे आणि तिचे नायक आहेत गुनपेई योकोई.

योकोई १९६५ मध्ये क्योटोच्या या कंपनीत लागले, तेव्हा तिचा मुख्य धंदा पत्त्यांचा. ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे त्यांचं काम. फावल्या वेळात त्यांनी लांबवरची वस्तू पकडणारा, जाळीसारखा उघडमीट होणारा एक हात बनवला. अध्यक्ष हिरोशी यामाउचींच्या तो नजरेस पडला. कामचुकारपणाबद्दल बोलणी बसायची, त्याऐवजी तो विकायला काढा, असा हुकूम सुटला. ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांवर खपला आणि योकोईंची यंत्रांना तेलपाणी करण्यातून सुटका झाली.

सत्तरच्या दशकात कॅल्क्युलेटर कंपन्यांची दरांवरून जुंपली होती. त्यात एलसीडी पडदे आणि चिप स्वस्त झाल्या. योकोईंनी त्यातूनच १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ हा हातात मावणारा खेळ काढला. घासूनपुसून जुनं झालेलं तंत्रज्ञान घ्यावं आणि डोकं चालवावं ते त्याच्या नव्या वापरावर, हा त्यांचा खाक्या.

एप्रिल १९८९ मध्ये साडेबारा हजार येनला आलेला ‘गेम बॉय’ याच खाक्यातला. मळकट हिरवा पडदा, चारच छटा, मागून उजेड नाही. रात्री खेळायचं तर दिव्याखाली बसा. त्याच वर्षी अटारीचा ‘लिंक्स’ आला, पुढच्या वर्षी सेगाचा ‘गेम गिअर’. दोन्ही रंगीत, दोन्ही झगझगीत. दुकानात शेजारी मांडले तर गेम बॉय गरीब नातेवाईक वाटावा! पण त्या झगमगाटासाठी पडद्यामागे बसवलेली नळी वीज पिऊन टाकायची. सहा सेल घालून खेळ चाले चार-पाच तास. गेम बॉय चार सेलवर पंधराएक तास सहज चाले. शिवाय अमेरिकेत लिंक्सची किंमत गेम बॉयच्या जवळजवळ दुप्पट होती.

आणि मग ‘टेट्रिस’. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेल्या या खेळाचे हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवायला खेळांचे प्रकाशक हेंक रॉजर्स थेट मॉस्कोत जाऊन धडकले. अमेरिकेत गेम बॉयच्या डब्यात मारिओऐवजी टेट्रिस द्यावा, हा आग्रहही त्यांचाच. वरून पडणारे ठोकळे ओळखायला रंग लागतोच कुठे? मारिओ पोरांना आवडला असता. टेट्रिसने त्यांच्या आईवडिलांनाही यंत्र सोडू दिलं नाही.

माझ्या मते योकोईंचं खरं शहाणपण मात्र बाजूच्या एका छोट्या खाचेत होतं. तिथे केबल लावली की दोन गेम बॉय जोडले जात. खेळ रचणाऱ्या सातोशी ताजिरींना त्या केबलमधून किडे इकडून तिकडे सरपटत जाताना दिसले. त्यांचा ‘पोकेमॉन’ हा प्राणी जमवण्याचा खेळ फेब्रुवारी १९९६ मध्ये लाल आणि हिरव्या अशा दोन आवृत्त्यांत आला. काही प्राणी एकीत, काही दुसरीत; सगळे हवे असतील तर मित्र गाठून अदलाबदल करा. सात वर्षांचं म्हातारं यंत्र पुन्हा धडाक्यात खपू लागलं. रंगीत आवृत्ती धरून पुढे गेम बॉयचा एकूण खप ११ कोटी ८६ लाखांवर गेला.

पोकेमॉनचं ते यश येत होतं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये योकोईंनी निन्टेन्डो सोडली. १९९५ मध्ये त्यांचा ‘व्हर्च्युअल बॉय’ साफ आपटला होता. लाल रेघांच्या त्या विचित्र यंत्राकडे पुढच्या आठवड्यात वळू.